सैरंध्रीची साक्ष

शाळेत मराठी व इतिहास हे विषय शिकविण्यात माझे आयुष्य गेले. एकदा वर्गात विराटपर्वातील कीचकाची कथा सांगून झाली. भीमाने कीचकास ठार केले तेव्हा मुलांनी नेहमीप्रमाणे बाके बडविली. तास संपता संपता मागल्या बाकावरील एका मुलीने विचारले, "सर, कीचक मेल्यावर सैरंध्रीचं काय झालं?" मी म्हणालो, "व्हायचं काय? तिची सुटका झाली." घरी येऊन ग्रंथ उघडला तेव्हा माझे उत्तर चुकल्याचे कळून आले.

व्यासांनी ती कथा भीमाच्या पराक्रमापाशी थांबविलेली नाही. भर सभेत कीचकाने लाथ मारल्यावर सैरंध्री राजाला व सभासदांना जाब विचारते. तेव्हा कंकाच्या वेषात बसलेला तिचा पती धर्मराजच तिला सांगतो की, नटीसारखी रडून द्यूतात व्यत्यय आणू नकोस, अंतःपुरात जा. कीचक मेल्यानंतर त्याचे भाऊबंद तिला प्रेताबरोबर जाळावयास बांधून नेतात. तेथूनही भीम तिला सोडवितो. ती नगरात परत येते, तर लोक तिला पाहून भिऊन पळतात. आणि विराटराजा राणीकरवी तिला निरोप धाडतो की, आता तू येथून निघून जा. अपराध कीचकाचा आणि गाव सोडावयाचे ते सैरंध्रीने! ती तेरा दिवसांची मुदत मागून घेते. हे सारे ग्रंथात असून आम्ही मुलांना ते सांगत नाही.

आजच्या विषयाकडे मी याच प्रश्नाच्या वाटेने येणार आहे. इंग्रजी अमदानीत स्त्रियांवर जे अत्याचार झाले, त्यांचे चित्र नाटक, कादंबरी आणि पुढे चित्रपट यांनी कसे काढले, हा तो विषय होय. अशी कलाकृती पाहताना तीन प्रश्न मनात धरावेत असे मला वाटते. अत्याचार कोणी केला? त्याचा सूड कोणी घेतला? आणि जिच्यावर तो झाला ती काय म्हणाली? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे बहुतेक ठिकाणी ठसठशीतपणे मिळतात. तिसऱ्याचे क्वचितच मिळते.

प्रारंभ बंगालपासून करू. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बंगालमध्ये गोरे मळेवाले रयतेकडून सक्तीने निळीची लागवड करून घेत. शेतकऱ्याच्या हाती थोडी आगाऊ रक्कम ठेवावयाची, तिला तिकडे 'दादन' म्हणत, आणि त्या बदल्यात त्याच्या उत्तम जमिनीत भात न पिकविता नीळ पिकवावयास लावावयाची. या व्यवहारात रयतेच्या हाती काही उरत नसे आणि दादन फिटत नसे. नकार देणारास मळ्याच्या कोठीत कोंडीत व मारीत. १८५९ साली रयत उठली, नीळ पेरणार नाही म्हणाली आणि १८६० साली सरकारला चौकशीमंडळ नेमावे लागले. त्याच वर्षी डाक्क्याहून 'नीलदर्पण' हे नाटक लेखकाच्या नावावाचून प्रसिद्ध झाले. लेखक दीनबंधू मित्र हे टपालखात्यातील नोकर होते. खात्याच्या कामानिमित्त गावोगाव हिंडताना त्यांनी हा जुलूम पाहिला होता.

नाटकात साधुचरण नावाच्या शेतकऱ्याची क्षेत्रमणी नावाची मुलगी आहे. ती गरोदर असून माहेरी आलेली आहे. पदी मयराणी या बाईच्या मध्यस्थीने व लठैतांच्या जोरावर रोग नावाचा मळेवाला तिला आपल्या खोलीत आणवितो. ती त्याला बाप म्हणून विनविते, ओरबाडते. तो तिच्या पोटावर प्रहार करतो. इतक्यात नवीनमाधव हा तरुण जमीनदार व तोराप नावाचा मुसलमान शेतकरी आत घुसतात व तिला सोडवितात. पुढे ती त्याच दुखण्याने मरते. त्या मरणशय्येच्या प्रवेशात क्षेत्रमणीच्या तोंडी वेदनेचे तुटक शब्द तेवढे आहेत. शोक सगळा आईच्या तोंडी आहे. मात्र दीनबंधूंनी एक फार मोठे काम केले. त्यांनी एका गरीब शेतकऱ्याच्या मुलीला तिच्या स्वतःच्या नावाने आणि बोलीने रंगभूमीवर आणले.

या नाटकाचे इंग्रजी भाषांतर १८६१ साली पाद्री जेम्स लाँग यांनी छापविले. ते मायकेल मधुसूदन दत्तांनी केले असे पुष्कळजण मानतात. त्यावरून लाँगसाहेबांवर कलकत्त्याच्या वरिष्ठ न्यायालयात अब्रुनुकसानीचा खटला झाला. एक महिन्याची कैद व एक हजार रुपये दंड अशी शिक्षा झाली आणि दंडाची रक्कम कालीप्रसन्न सिंह यांनी तेथल्या तेथे भरली. ही हकीकत बहुतेक पुस्तकांत असते. तिच्यातील एक गोष्ट मात्र आपल्या विषयाच्या दृष्टीने ध्यानात धरण्याजोगी आहे. नाटकात मळेवाल्याच्या पत्नीचा मॅजिस्ट्रेटशी असलेल्या स्नेहासंबंधी एक ओझरता उल्लेख आहे. न्यायमूर्ती मॉर्डंट वेल्स यांना सर्वांत जास्त झोंबला तो हा उल्लेख. इंग्रज स्त्रियांच्या शीलावर शिंतोडा उडविला म्हणून त्यांनी ज्यूरीपुढे संताप व्यक्त केला. क्षेत्रमणीवर जे घडले तसे मळ्यांवर खरोखर घडत होते काय, हा प्रश्न त्या न्यायालयात चौकशीचा झालाच नाही. एका बाजूच्या स्त्रीविषयी एक वाक्य हा गुन्हा ठरला आणि दुसऱ्या बाजूच्या स्त्रीचे मरण केवळ नाटक ठरले.

१८७२ च्या डिसेंबरात कलकत्त्यात नॅशनल थिएटर सुरू झाले, ते याच नाटकाने. त्या वेळी स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत. बंगाली सार्वजनिक रंगभूमीवर नट्या आल्या त्या पुढच्या वर्षी. मळेवाल्याची भूमिका करणाऱ्या अर्धेन्दुशेखर मुस्तफींच्या अंगावर ईश्वरचंद्र विद्यासागरांनी संतापून पायातील जोडा फेकला, अशी आख्यायिका प्रसिद्ध आहे. ती खरी असो वा नसो, त्या प्रवेशाने प्रेक्षक किती खवळत असतील हे तिच्यावरून दिसते. १८७५ साली ग्रेट नॅशनल थिएटरची मंडळी हे नाटक घेऊन लखनौस गेली. तोराप मळेवाल्यास बडवितो त्या प्रवेशाला प्रेक्षकांतील गोरे उठले, काहीजण रंगमंचाकडे धावले आणि खेळ बंद करावा लागला. ही हकीकत त्या मंडळीतील नटी बिनोदिनी दासी यांनी आपल्या आत्मकथेत लिहून ठेविली आहे. गोऱ्या प्रेक्षकांना सहन झाले नाही ते मळेवाल्याला मिळणारा मार. त्याच्या आधी स्त्रीचा जो छळ चालला होता, तो ते बसून पाहत होते.

यानंतर लवकरच कायदा आला. उपेंद्रनाथ दासांच्या 'सुरेंद्र-विनोदिनी' या नाटकात एक इंग्रज मॅजिस्ट्रेट एका हिंदी स्त्रीवर हात टाकतो. १८७६ साली या नाटकासाठी दास व त्यांचे सहकारी अमृतलाल बसू यांच्यावर खटला झाला. आरोप राजद्रोहाचा ठेवला नव्हता. तो होता अश्लीलतेचा! खालच्या न्यायालयाने शिक्षा दिली, हायकोर्टाने ती रद्द केली. परंतु त्याच वर्षी नाट्यप्रयोगांवर बंदी घालण्याचा अधिकार सरकारला देणारा कायदा झाला आणि तो स्वातंत्र्यानंतरही कित्येक दशके कायद्याच्या पुस्तकात राहिला. अत्याचाराला अश्लील न म्हणता अत्याचाराच्या चित्राला अश्लील म्हणणे ही राज्यकर्त्यांना सोयीची युक्ती होती. ती आपल्या समाजालाही पुढे सोयीची वाटली, हे कबूल केले पाहिजे.

आता दुसरी बाजू पाहू. कारण इंग्रजांनीही याच विषयावर विपुल लिहिले. १८५७ साली कानपूरला बिबीघरात इंग्रज स्त्रिया व मुले यांची कत्तल झाली. ते कृत्य क्रूर होते यात शंका नाही. तथापि त्याबरोबर इंग्रज स्त्रियांच्या अब्रूवर घाला घातला गेल्याच्या असंख्य कहाण्या विलायतेत पसरल्या. आग्ऱ्याच्या गुप्तवार्ता विभागाचे प्रमुख विल्यम म्यूर यांनी त्याच वेळी अधिकाऱ्यांकडून माहिती गोळा केली. त्या कहाण्यांना आधार मिळाला नाही. तरीही बंडाच्या पार्श्वभूमीवरील इंग्रजी कादंबऱ्यांत ते भय पुढे अर्धशतकभर वावरत राहिले. मेलेल्या स्त्रियांना साक्षीस बोलाविता येत नाही. त्यांच्या नावे वाटेल ते बोलता येते, आणि त्या बोलण्यावर फाशीचे दोर वळता येतात.

या भयाची उत्तम चिकित्सा एका इंग्रजानेच केली. ई. एम. फॉर्स्टर यांची 'अ पॅसेज टु इंडिया' ही कादंबरी १९२४ साली प्रसिद्ध झाली. त्यापूर्वी पाचच वर्षे, १९१९ च्या एप्रिलात, अमृतसरला एका मिशनरी बाईंवर जमावाने हल्ला केला होता. जालियनवाला बागेतील हत्याकांडानंतर जनरल डायरने त्याच गल्लीतून हिंदी माणसांनी पोटावर सरपटत जावे असा हुकूम काढला. त्या बाईंना वाचविले होते ते त्या भागातील हिंदी लोकांनीच, ही गोष्ट त्या हुकुमाला ठाऊक नव्हती. फॉर्स्टरच्या कादंबरीत ॲडेला क्वेस्टेड ही इंग्रज तरुणी डॉक्टर अझीझवर आरोप करते आणि सारा गोरा समाज तिच्या पाठीशी उभा राहतो. पण साक्षीच्या पिंजऱ्यात ती आपल्या मनाचा ठाव घेते आणि आरोप मागे घेते. त्या क्षणी तोच समाज तिला टाकून देतो व तिचे ठरलेले लग्न मोडते. तिच्या शब्दाला किंमत होती, पण तो शब्द आपल्या माणसांना हवा तोच असेपर्यंत. १९८४ साली डेव्हिड लीन यांनी या कादंबरीवर चित्रपट काढला. त्यातही न्यायालयाचा हा प्रवेशच सर्वांत प्रभावी उतरला आहे.

आता महाराष्ट्राकडे वळू. १८९७ साली पुण्यात प्लेग होता. रँडसाहेबांच्या अधिकाराखाली गोरे सोजीर घरांत शिरून झडती घेत. देवघर, स्वयंपाकघर, माजघर काहीच त्यांना वर्ज्य नसे, आणि स्त्रियांना परक्या पुरुषांपुढे उभे राहावे लागे. पंडिता रमाबाईंनी त्या वर्षी 'बाँबे गार्डियन' या पत्रात प्लेगच्या व्यवस्थेत स्त्रियांची सुरक्षितता राखली जात नाही अशी उघड तक्रार केली. गोपाळ कृष्ण गोखले त्या सुमारास विलायतेत होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी 'मँचेस्टर गार्डियन'ला सांगितले की, सोजिरांनी दोन स्त्रियांवर बलात्कार केला व त्यांपैकी एकीने पुढे आत्महत्या केली. सरकारने पुरावा मागितला. पत्रे लिहिणाऱ्यांची नावे गोखल्यांना उघड करता येईनात, आणि हिंदुस्थानात परतल्यावर त्यांनी जाहीर माफी मागितली. त्या माफीवरून गोखल्यांना पुष्कळांनी दूषणे दिली. मला मात्र त्या प्रसंगी दुसराच विचार सुचतो. ज्या गावात विटंबित स्त्रीने तोंड उघडल्यास घरचा दरवाजा बंद होण्याचे भय, तेथे पुरावा यावा कोठून? सोजिरांच्या दहशतीइतकीच आपल्या घरांची लोकलज्जाही त्या माफीला कारण झाली नसेल काय?

२२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. या घटनेवर १९७९ साली नचिकेत व जयू पटवर्धन यांनी त्याच तारखेच्या नावाचा मराठी चित्रपट काढला. त्यात झडत्यांचा जाच आहे, परंतु कथा अर्थातच चापेकरांची आहे. ज्यांच्या अपमानाने ते तरुण पेटले, त्या बायकांची कथा अजून कोणी सांगावयाची आहे.

दहा वर्षांनंतर, १९०७ साली, कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे 'कीचकवध' रंगभूमीवर आले. खाडिलकर हे टिळकांचे 'केसरी'तील सहकारी. वंगभंगाला दोनच वर्षे झाली होती. उन्मत्त कीचकाच्या ठायी लॉर्ड कर्झन, सैरंध्रीच्या ठायी हिंदभूमी, सबुरी सांगणाऱ्या कंकाच्या ठायी नेमस्त आणि भीमाच्या ठायी जहाल पक्ष, हे प्रेक्षकांना कोणी फोड करून सांगावे लागत नव्हते. व्हॅलेंटाइन चिरोल यांनाही ते कळले आणि त्यांनी आपल्या १९१० सालच्या 'इंडियन अनरेस्ट' या ग्रंथात या नाटकाची दखल घेतली. त्याच साली सरकारने नाटकावर बंदी घातली.

'कीचकवधा'च्या सामर्थ्याविषयी मला आदरच आहे. परंतु एक ऐतिहासिक योगायोग येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. १८९९ साली रंगूनमध्ये वेस्ट केंट पलटणीतील गोऱ्या शिपायांनी एका ब्रह्मी स्त्रीवर सामुदायिक बलात्कार केला. लष्करी अंमलदारांनी प्रकरण झाकू पाहिले व खटल्यात आरोपी सुटले. त्या वेळी नुकत्याच आलेल्या व्हाइसरॉयने संतापून शिपायांना नोकरीवरून काढविले, वरच्या अधिकाऱ्यांवर ठपका ठेविला आणि सारी पलटण एडनच्या उजाड ठाण्यावर धाडली. तो व्हाइसरॉय म्हणजे लॉर्ड कर्झन! म्हणजे रंगभूमीवर जो कीचक झाला, त्याने प्रत्यक्षात एका सैरंध्रीचा कैवार घेतला होता. कर्झनच्या राजनीतीचे समर्थन करण्यासाठी मी हे सांगत नाही. बंगालच्या फाळणीचे पाप त्याच्या माथी आहेच, आणि पलटणीला शिक्षा करताना त्याला साम्राज्याच्या अब्रूची काळजी होती हेही उघड आहे. मला सांगावयाचे आहे ते असे की, हिंदभूमी ही सैरंध्री झाली तेव्हा तिच्यासाठी नाटक लिहिले गेले, प्रेक्षक रडले, सरकार भ्याले. आणि रंगूनची ती खरीखुरी स्त्री मात्र सरकारी कागदांत राहिली. त्या कागदांतही चर्चा आहे ती सैन्याच्या शिस्तीची.

याच नाटकाच्या आधारे कोल्हापूरच्या बाबुराव पेंटरांनी १९२० साली 'सैरंध्री' हा मूकपट काढला. त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या, आणि पडद्यावर येणाऱ्या स्त्रीकडे त्या काळचा समाज कोणत्या नजरेने पाही हे आपणांस ठाऊक आहे. लोकमान्यांनी चित्रपट पाहून पेंटरांना 'सिनेमाकेसरी' ही पदवी दिली. भीम कीचकास मारतो ते दृश्य इतके भयानक वठले होते की नियामकांनी ते काढावयास लावले. येथेही पाहा, लोकांच्या लक्षात राहिला तो वध. चित्रपटाचे नाव 'सैरंध्री' असूनही त्याची आख्यायिका झाली ती कीचकाच्या मरणाची.

मग मराठीत स्त्रीचा स्वतःचा आवाज कोठे ऐकू आला? परकीय सत्तेच्या जुलमाविषयीच्या वाङ्मयात तो फारसा सापडत नाही. तो सापडतो हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो!' या कादंबरीत. १८९० पासून ती 'करमणूक' पत्रात क्रमशः येऊ लागली. यमुना आपली कथा आपल्या तोंडाने सांगते. विधवा झाल्यावर सासरची माणसे तिचे बळजबरीने केशवपन करतात, ते ती स्वतः आपल्याला ऐकविते. हा अत्याचार गोऱ्याने केलेला नाही, येथे भीम नाही, सूडही नाही. म्हणूनच की काय, बोलावयास ती एकटी उरली आहे! त्याच सुमारास कलकत्त्यात एक अल्पवयीन मुलगी पतीच्या संभोगाने मृत्यू पावली व १८९१ साली संमतिवयाचा कायदा होऊन मर्यादा दहावरून बारा वर्षे झाली. लोकमान्यांसह अनेक देशभक्तांनी त्या कायद्यास विरोध केला. परक्या सरकारने आमच्या घरात हात घालू नये, असे त्यांचे म्हणणे. हिंदभूमीला सैरंध्री म्हणणारा समाज घरातील दहा वर्षांच्या मुलीविषयी मात्र सरकारशी अधिकाराचा वाद घालीत होता. लोकमान्यांविषयी परमादर बाळगूनही हे नमूद केलेच पाहिजे. नाही तर इतिहास शिकविण्यात अर्थ नाही.

आता आसामच्या चहामळ्यांकडे जाऊ. १९२० च्या सुमारास कछारातील खोरियाल मळ्यावर एका गोऱ्या अधिकाऱ्याने एका मजुराला गोळी घातली. त्याचे कारण, मजुराने आपली मुलगी साहेबाच्या स्वाधीन करण्यास नकार दिला. गोरे बहुमत असलेल्या ज्यूरीने आरोपीस निर्दोष ठरविले. मुल्कराज आनंद यांची 'टू लीव्ह्ज अँड अ बड' ही इंग्रजी कादंबरी १९३७ साली आली, ती असल्याच जगाची आहे. पंजाबातील गंगू नावाचा कर्जबाजारी शेतकरी बायकामुलांसह आसामात मजूर होतो. मळ्याचा साहाय्यक व्यवस्थापक रेगी हंट त्याच्या लैला या मुलीच्या मागे लागतो आणि शेवटी गंगू त्याच्या गोळीला बळी पडतो. न्यायालय हंटला सोडून देते. आनंदांनी मळ्याचे अर्थशास्त्र फार चांगले उलगडले आहे. मजुराला घर, पाणी, धान्य, उधारी सारे मालकाच्या हातून मिळते. पळून जावे तर पहारेकरी आहेत. मग त्याच्या बायकोमुलीने 'नाही' म्हणावे तरी कशाच्या बळावर? अत्याचार हा एका दुष्ट मनुष्याच्या वासनेतून होतो इतके म्हणून भागत नाही. तो कर्जातून होतो, पहाऱ्यातून होतो, ज्यूरीच्या निवडीतून होतो. ही दृष्टी दीनबंधू मित्रांनाही होती, आणि या दोन कृतींचे मोल तिच्यातच आहे. तथापि बापाच्या मरणानंतर व आरोपी सुटल्यानंतर लैलाचे काय झाले, हे वाचकास कळत नाही. खटला बापाच्या खुनाचा. मुलगी त्या खटल्याचे निमित्त.

स्वातंत्र्यानंतर लेखकांना सरकारचे भय उरले नाही. १९६६ साली पॉल स्कॉट या इंग्रज कादंबरीकाराने 'द ज्युएल इन द क्राउन' लिहिली. १९४२ च्या ऑगस्टात बिबीघर बागेत डॅफ्नी मॅनर्स या इंग्रज मुलीवर अज्ञात टोळी बलात्कार करते आणि पोलीस तिचा हिंदी प्रियकर हरी कुमार याला पकडतात. तिची रोजनिशी आपण वाचतो. ती त्याच्याविरुद्ध बोलण्यास ठाम नकार देते. १९८४ साली याची दूरचित्रवाणी मालिका झाली, तेव्हा सलमान रश्दी यांनी आक्षेप घेतला की, साम्राज्याच्या जुलमाचे रूपक म्हणून बलात्कार घ्यावयाचा तर त्यात पीडित गोरी स्त्री का असावी? आक्षेप रास्त आहे. तरीही मला त्याच्या पलीकडचे विचारावेसे वाटते: बलात्काराचे रूपक करावेच कशाला? ज्या स्त्रीवर तो होतो तिच्या लेखी तो कशाचेही रूपक नसतो.

या प्रश्नाला मला समाधानकारक वाटणारे उत्तर एका हिंदी चित्रपटात सापडले. केतन मेहता यांचा 'मिर्च मसाला' १९८७ साली प्रदर्शित झाला. चुनीलाल मडिया यांच्या गुजराती कथेवर तो आधारलेला आहे. सोनबाईची भूमिका आपल्या स्मिता पाटील यांची. चित्रपट लोकांपुढे येण्यापूर्वीच, १३ डिसेंबर १९८६ रोजी, त्यांचे निधन झाले होते. काळ इंग्रजी अमदानीच्या अखेरचा. सारा वसूल करणारा सुभेदार गावाबाहेर तळ देतो व सोनबाईवर नजर टाकतो. ती त्याच्या थोबाडीत मारून पळते आणि मिरच्या कांडण्याच्या कारखान्यात आश्रय घेते. म्हातारा पहारेकरी अबूमियाँ दार लावून घेतो. सुभेदार इंग्रज नाही, आपलाच माणूस आहे. परक्या राज्याचा हुकूम आपल्याच माणसांच्या हातून चालत होता ही गोष्ट येथे कोणी लपविलेली नाही. मुखी आणि पंच ठरवितात की एका बाईपायी गाव कशाला जाळावयाचे, तिला देऊन टाकावी. विरोध करतो तो शाळामास्तर, आणि त्याला मार खावा लागतो. माझ्या पेशाच्या माणसाची ही लाज राखल्याबद्दल मी मेहतांचा ऋणी आहे. कारखान्यातील बायकांतही प्रथम फूट पडते. काहीजणी तिलाच दोष देतात. अखेर दार फुटते, अबूमियाँ मरतो, आणि त्या बायका सुभेदाराच्या डोळ्यांत तिखटाचे पूड फेकतात. सोनबाई हाती विळा घेऊन उभी असते. तिच्यासाठी भीम धावून आला नाही असे मी म्हणणार नाही, तो अबूमियाँच्या रूपाने आला आणि मेला. पण शेवटचा शब्द त्याचा नव्हे. 'नाही' हे सोनबाईने स्वतः म्हटले, आणि सारा चित्रपट त्या 'नाही'ची किंमत कोणकोण चुकविते हे दाखविण्यात खर्ची पडला.

श्रोतेहो, येथवर आपण सव्वाशे वर्षांचा प्रवास केला. या कृतींनी जुलमी सत्तेला आरसा दाखविला, शिक्षा सोसल्या, बंदी सोसली. त्यांचे हे उपकार विसरता येणार नाहीत. परंतु त्यांच्यापैकी बहुतेकांत स्त्रीची विटंबना हा पुरुषांच्या दोन पक्षांमधील वादाचा मुद्दा झाला. तिच्या अपमानाने कोणाचे तरी रक्त तापावे इतकेच तिचे काम. ते झाले की धर्मराजाने सांगितल्याप्रमाणे तिने अंतःपुरात जावे! न्यायालयात, वर्तमानपत्रात व लोकसभेत आजही आपण हेच करीत नाही ना, हे प्रत्येकाने आपल्या मनाशी तपासावे. अत्याचाराची बातमी आली की तो कोणत्या जातीचा, कोणत्या धर्माचा, कोणत्या पक्षाचा हे आपण आधी विचारतो. तिचे नाव कायद्याने झाकले जाते, ते योग्यच आहे. पण तिचे म्हणणेही त्याबरोबर झाकले जावे काय?

पुढच्या वर्षी विराटपर्वाचा तोच पाठ आला, तेव्हा मी भीमापाशी थांबलो नाही. लोक सैरंध्रीला पाहून पळाले, राजाने तिला जावयास सांगितले आणि तिने तेरा दिवस मागून घेतले, हे सगळे मुलांना सांगितले. त्या दिवशी बाके कोणी बडविली नाहीत. एका मुलाने मात्र विचारले, "तिला जायला का सांगितलं, सर? तिनं काय केलं होतं?" त्याला मी म्हणालो, "हाच प्रश्न त्या सभेत कोणीतरी विचारावयास हवा होता."